दोऱ्याचा कल

एकाच लडीतला हिरवा दोरा घ्यावा आणि सॅटिन टाक्यानं एक पान भरावं. मधल्या शिरेच्या डावीकडचे टाके एका अंगाला कललेले, उजवीकडचे दुसऱ्या. कापड खिडकीशी धरलं की पानाची एक बाजू पोपटी उजळते, दुसरी गडद राहते. कापड फिरवलं की उजेड बाजू बदलतो. चित्रकाराला या दोन छटांसाठी दोन रंग कालवावे लागले असते. दोऱ्याला दिशा असते, आणि टाक्याचा कल बदलला की त्यावरून परतणाऱ्या उजेडाची वाटही बदलते. गाठीच्या टाक्यात तोच दोरा स्वतःभोवती वळसा घेऊन बसतो, प्रत्येक गाठ आपली बारीकशी सावली पाडते, आणि तोच हिरवा आणखी खोल दिसू लागतो. भरतकामाचं सौंदर्य मला इथे दिसतं. मात्र हा दोऱ्याचा स्वतःचा गुण आहे, हे मान्य व्हायला फार काळ जावा लागला.

आधी दोरा चित्राचा सेवक होता. राजा रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना हौशी घरांतून जरीची, कापडाची साडी नेसवली जाई, टिकल्या-मोत्यांचे दागिने चढवले जात. चित्र दुसऱ्याचं, दोरा फक्त नटवणारा. मग दोरा स्वतः चित्र काढू लागला. दोसुतीवरचे राघू, हंसांची जोडी, ‘सुस्वागतम्’ची चौकट हे सगळं विदर्भातल्या बैठकीच्या खोल्यांतून कित्येक वर्षं मानानं मिरवलं. त्या कामांमागची चिकाटी मला फार मोलाची वाटते. पण त्यांना मिळणारी सर्वांत मोठी दाद असे, ‘अगदी चित्रासारखं!’ म्हणजे मोजपट्टी रंगाचीच राहिली.

युरोपातही हेच चाललं होतं. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात लोकरी दोऱ्यांनी थोर चित्रकारांच्या चित्रांची हुबेहूब विणकामं होत. १८२४ मध्ये मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. काळा रंग फिका उतरतो, अशी तक्रार त्याच्यापुढे होती. त्यानं तपासलं तर काळा ठीक होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या दोऱ्यांमुळे तो मेल्यासारखा दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात यावर त्यानं १८३९ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि पुढे फ्रेंच चित्रकार सरा याच्या पिढीतले कलावंत त्यातून शिकले. चित्राची नक्कल करता करता दोऱ्यानं चित्रकारांनाच रंग शिकवला. मला वाटतं, कल्पना इथे वळली.

दुसरं वळण कापसाचं, म्हणजे आपल्या जिव्हाळ्याचं. कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पिळलेला असतो, त्यामुळे उजेड त्यावर विस्कटतो. जॉन मर्सरनं कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट १८५० मध्ये घेतलं. १८९० मध्ये होरेस लोव यानं ती प्रक्रिया सूत ताणून धरून केली. तंतू फुगून गोल झाला आणि साध्या सुताला रेशमाची झाक आली. भरतकामाच्या आजच्या सहापदरी लड्या त्यामुळेच चमकतात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस इथे जवळ होता म्हणून. उजेड धरून ठेवणाऱ्या या दोऱ्याची गोष्ट अशी आपल्या काळ्या मातीपाशी येऊन पोचते.

नागपूर-भंडाऱ्याच्या कोष्ट्यांना मात्र तंतू आणि उजेडाचं नातं कुणी शिकवावं लागलं नाही. करवतकाठी साडीत अंगाला कोसा आणि काठाला सूत. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचा तो तंतू एका तऱ्हेनं उजळतो, सूत दुसऱ्या. तीन धोटे चालवून, अंगाचा आणि काठाचा बाणा एकमेकांत अडकवत करवतीचे दाते चढतात. पण मागावर दोरा उभा जाईल किंवा आडवा; दाता चढायचा तो पायरी पायरीनंच. सुईला हे बंधन नाही. ती दोऱ्याला हव्या त्या कोनात निजवते, उचलते, गाठ मारते. विणकामाच्या जोडीला भरतकाम का हवं, याचं उत्तर मला या मोकळीकीत मिळतं.

विसाव्या शतकात कलावंतांनी दोऱ्याचं हे स्वातंत्र्य उघड मागितलं. जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत मुलींना विणकाम विभागाकडेच वळवलं जाई. त्याच विभागातून आलेल्या ॲनी आल्बर्स यांचं स्वतंत्र प्रदर्शन १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलं. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी दोरीला गाठी मारत माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. पण शोध यांनीच लावला असं म्हणवत नाही. यवतमाळ-वाशिमच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या भरतकामात चौकोन, त्रिकोण, आरसे, कवड्या असतात. टाके इतके दाट, की कित्येकदा खालचं कापड दिसेनासं होतं. त्यात कुणाच्या चित्राची नक्कल नाही. कला महाविद्यालयांना उशिरा उमगलेलं तत्त्व या बायका अंगावर वागवत होत्या. आपण त्याला पोशाख म्हटलं, इतकंच. २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा वारसा संग्रहालय उघडलं, याचा मला म्हणूनच मनापासून आनंद आहे.

नागपुरात भरतकामाची प्रदर्शनं भरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. शक्य असेल तिथे काच काढा. काचेमागे समोरून दिवा टाकला की टाक्यांचे सगळे कल एकसारखे दिसतात आणि कामाचा पुन्हा छापील कागद होतो. उजेड एका बाजूनं, तिरपा येऊ द्या; पाहणाऱ्याला डावी-उजवीकडे सरकायला जागा ठेवा; एखादं तरी काम असं टांगा, की त्याची मागची बाजू पाहता येईल. धूळ बसेल, हे खरं. त्यासाठी प्रदर्शन थोडेच दिवस ठेवता येईल. तसाही फार काळ उजेडात राहिला तर दोऱ्याचा रंग विटतोच.