आमच्या माघारी

मूल मोठे व्हावे, मिळवते व्हावे आणि म्हातारपणी त्याने आपली विचारपूस करावी, ही आईबापांची साधी अपेक्षा असते. काही घरांत मात्र हा क्रम उलटा होतो. मूल जसजसे मोठे होते, तसतशी आईबापांची झोप उडत जाते. ‘आमच्या माघारी याचे कोण?’ हा एकच प्रश्न त्यांना रात्रंदिवस छळतो. ज्या अवस्थेला डॉक्टर ऑटिझम म्हणतात आणि मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो, तिच्यासह जन्मलेल्यांच्या घरची ही गोष्ट आहे. आपण त्यांच्याविषयी बोलतो ते बहुधा ‘ती मुले’ असे. परंतु बालपण दहा-बारा वर्षांत संपते. पुढची पन्नास वर्षे तो एक प्रौढ माणूस असतो. त्या प्रौढाला मदत करणे म्हणजे काय, हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि नीतीचा अधिक आहे.

प्रथम त्या शब्दाकडेच पाहू. स्वमग्न, म्हणजे स्वतःतच बुडालेला. शब्द गोड आहे. पण तो न्यायाचा आहे काय? डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 साली असे मांडले की, न समजण्याचा हा दोष एकतर्फी नाही. त्याला आपण कळत नाही हे खरे. परंतु आपल्याला तरी तो कुठे कळतो?

जुन्नर तालुक्यातले डिंगोरे घ्या. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना लागणारे हे गाव. तेथे असा पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे, अशी कल्पना करा. पारावर कोणी त्याला विचारतो, “काय, जेवलास का?” तो किती वाजता आणि काय काय जेवलो ते क्रमवार सांगतो आणि मंडळी हसतात. तो कोणाकडे काम मागतो. समोरचा म्हणतो, “उद्या बघू.” दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता हा त्याच्या दारात उभा! श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत ज्या गजबजीने आपले मन फुलते, तिने त्याच्या कानांना यातना होतात आणि तो हात सोडवून पळतो. गाव म्हणते, पोरगा वेडसर आहे.

वस्तुतः ‘उद्या बघू’ म्हणताना आपण नकार देत होतो. तो नकार आहे हे त्याने ओळखावे, अशी आपली अपेक्षा होती. आपण खरे बोललो नाही आणि त्याने आपले बोलणे खरे मानले. यात दोष कोणाचा, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

मग मदत कशी करावी? याचे एक फार बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अकरा ऑटिस्टिक मुलांचे वर्णन केले. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजमापाचे वेड होते, तेव्हा त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजी, तेव्हा त्यांनी त्याला नांगर चालवता चालवता त्या मोजायला लावले. त्याची खोड मोडण्याऐवजी त्यांनी तिला काम दिले. पुढे डोनाल्डने आपल्या गावच्या बँकेत कित्येक वर्षे नोकरी केली. तो मोटार चालवी, गोल्फ खेळे, एकटा प्रवास करी. 2023 साली, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. त्याचे घराणे सधन होते, हे विसरून चालणार नाही. पण विहिरीची खोली मोजायला सांगण्यास पैसा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, सगळेच काही डोनाल्ड नसतात. खरे आहे. कित्येकांना बोलता येत नाही, कित्येकांना जन्मभर हात धरणारा लागतो. त्यांच्यासाठी कायद्याचा आधार हवाच आणि तो आहेही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी पालक नेमून देऊ शकते. निरामय योजनेत लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला एकवीस दिव्यांगत्वांत स्थान दिले आणि पालकाने एकट्याने नव्हे, तर त्या व्यक्तीसह, परस्परविश्वासाने निर्णय घ्यावेत असे सांगितले. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ही या वाटेवरची पहिली पायरी. ती आईबाप धडधाकट आहेत तोवरच चढून ठेवावी. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. प्रौढ मतिमंद मुलांच्या चिंतेतून बदलापूरला पालकांनी एकत्र येऊन ‘आधार’ हे निवासी घर उभारले. एकेकट्याने कुढण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

परंतु कायदा पालक नेमतो; शेजारी नेमत नाही. कागदावरचा पालक बाजाराला गेला असता दुकानदार नीट वागेल की फसवील, पारावरची मंडळी जागा करून देतील की टवाळी करतील, हे कोणतीही समिती ठरवीत नाही. ‘आमच्या माघारी याचे कोण?’ हा प्रश्न आईबाप देवाला विचारतात असे आपल्याला वाटते. तो विचारलेला असतो आपल्याला.

दिवाळी आहे, तेव्हा आरंभ करणे सोपे आहे. आपल्या आळीत असे कोणी असेल, तर फटाके किती वाजता उडवणार ते त्याला आधी सांगावे आणि ती वेळ पाळावी. फराळाला बोलवायचे तर ‘या एकदा’ असे मोघम म्हणू नये; वार सांगावा, घटका सांगावी, कोण कोण येणार ते सांगावे. तो आला, खाऊन लगेच उठला, तर राग धरू नये. नाही आला, तर ताट घरी पोचवावे. आणि त्याच्याविषयी काही ठरवायचे असेल, तर त्याच्या आईला विचारण्याआधी एकवार त्यालाच विचारावे. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबावे.