वरातीसाठी थांबणारा ताल

आमच्या वसईत, निर्मळला दिवाळीनंतर, कार्तिक वद्य एकादशीला, यात्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधीचं दर्शन, सुकेळी, पाळणे, आणि गर्दीत हिंदू-ख्रिस्ती सगळेच. याच रस्त्यांवर लग्नसराईत ब्रास बँड वाजतो. वरातीत एखादी आजी मागे राहिली, की ढोलवाला हात सैल सोडतो आणि ट्रम्पेटवाला तेच कडवं आणखी एकदा घेतो. आजी पोचली की ताल पुन्हा उचलला जातो. समुद्रापलीकडून आलेली ती वाद्यं आमची झाली ती अशी, आमच्या पावलांशी जुळवून घेत.

मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ या रॉक बँडकडे मी याच नजरेने पाहतो. विशाल ददलानी, रँडॉल्फ कोरिया, पापल माने, शिराझ भट्टाचार्य. बँड सुरू झाला १९९४ मध्ये. १९९६ च्या ‘वुई आर नॉट लिसनिंग’ या पहिल्या अल्बममध्ये जोर होता गिटारच्या रॉकवर. तीच वाट पुढे धरली असती, तर श्रोते ठरलेले होते. पण २००२ च्या ‘अप’मध्ये गिटारच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक ध्वनी आले आणि बँडचा आवाजच बदलला.

हा बदल वाद्यांपुरता नव्हता. संगणकात भरून ठेवलेला ताल कुणासाठी थांबत नाही. अशा वादनात ड्रमरच्या कानात टकटक चालू असते, तिला ‘क्लिक’ म्हणतात. गायक रंगात येऊन ओळ लांबवू लागला किंवा समोरची गर्दी उसळली, तरी क्लिक आपल्याच गतीने पुढे जाते. हात तिच्याशी बांधलेले ठेवायचे आणि गाण्यातला जीवही जाऊ द्यायचा नाही, हे कसब महिन्याभरात येत नाही. त्यासाठी एकमेकांचा श्वास ओळखणारी माणसं लागतात.

म्हणून मला या बँडच्या वाटचालीत सर्वांत मोलाची वाटते ती सोबत. विशाल हा शेखर रावजियानीबरोबर हिंदी चित्रपटांना संगीत देत होता. रँडॉल्फने गायिका मोनिका डोग्राबरोबर ‘शायर अँड फंक’ ही जोडी उभी केली. तरी २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात ‘पेंटाग्राम’ वाजलं, २००७ मध्ये ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आलं आणि २०११ मध्ये ‘ब्लडीवुड’. पंधरा वर्षांत चार अल्बम. बाजाराच्या हिशेबात हा आकडा लहान आहे. पण प्रयोगाचं पीक दरसाल येत नाही. मधल्या वर्षांत घर दुसऱ्या कामावर चालवावं लागतं आणि तरीही तालमीच्या खोलीत परत यावं लागतं. प्रयोग म्हणजे बंडखोरी, असं आपण पटकन म्हणून टाकतो. मला तर त्यात निष्ठाच जास्त दिसते. जमलेलं मोडायचं धाडस माणसाला होतं, कारण मोडल्यावरही सोबत सुटणार नाही याची त्याला खात्री असते.

आज आमच्याकडची मुलं लॅपटॉपवर ताल रचतात. ‘हे आपलं नव्हे’ असं त्यांना सांगण्याचा मोह वडीलधाऱ्यांनी आवरावा. ट्रम्पेटही एके काळी आपला नव्हता. घरातली एक खोली, दोन-चार सोबती आणि काही वर्षांची मोकळीक एवढं त्यांना द्यावं. मागे राहिलेल्या आजीसाठी आमचा बँड थांबतो. या मुलांचा सूर सापडेपर्यंत आपणही तसंच थांबायला हवं.