पाळीव प्राण्यांची खेळणी : दान की देणे?

घरी कुत्रे, मांजर किंवा पाखरू पाळणाऱ्या गृहस्थास, त्या जिवाचे आपण काय देणे लागता, असे विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळते : वेळेवर अन्न, पाणी आणि आसरा. गोग्रास व काकबळी घालणाऱ्या आपल्या कुटुंबांत मुक्या जिवास उपाशी ठेवू नये, हे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु पोट भरले म्हणजे कर्तव्य संपले काय? हा प्रश्न खेळण्यासारख्या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हल्ली पाळीव प्राण्यांच्या खेळण्यांची स्वतंत्र दुकाने निघाली आहेत. ती पाहून वडीलधारी मंडळी हसतात आणि विचारतात, गल्लीतल्या कुत्र्यास कोणी कधी खेळणे आणून दिले होते काय? आक्षेप रास्त वाटतो. पण त्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. गल्लीतल्या कुत्र्याजवळ सबंध गल्ली असते. आल्यागेल्याचा वास घेणे, अन्न हुडकणे, हद्द राखणे, सोबत्यांशी झोंबणे यांत त्याचा दिवस जातो. त्याचे जिणे कष्टाचे असेल, पण रिकामे नव्हे. ज्याला आपण तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत आणून ठेवले, त्याचे कष्ट आपण दूर केले हे खरे. पण त्याबरोबर त्याचा उद्योगही काढून घेतला. त्या घेतलेल्या वस्तूची अंशतः परतफेड म्हणजे खेळणे होय. म्हणून ते दान नव्हे, देणे आहे.

उद्योगाची ही भूक कल्पित नाही. 1963 साली ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांपुढे अन्नाने भरलेले भांडे ठेवले आणि शेजारी दांडी दाबल्यास अन्न मिळेल अशीही सोय केली. आयते अन्न समोर असूनही उंदीर दांडी दाबून अन्न मिळवीत राहिले. आपल्या देशातील कायद्यासही ही जाणीव आहे. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याप्रमाणे, सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न घडविणे हीदेखील क्रूरताच ठरते. मारणे तेवढे क्रौर्य, ही आपली समजूत अपुरी आहे.

आता देणे म्हटले की ते घेणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे चुकते केले पाहिजे. आपण खेळणे निवडतो ते मात्र आपल्या डोळ्यांस गोजिरे दिसते म्हणून. कुत्र्याचे जग वासाचे आहे. जुन्या पंचाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ते त्याला हुडकावयास लावले, तर महागड्या रंगीत बाहुलीपेक्षा त्यात तो अधिक रमेल. मांजराची गोष्ट निराळी. 2021 साली कॅलिफोर्नियात झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की मांजरे कष्टाच्या अन्नापेक्षा आयतेच अन्न अधिक पसंत करतात. पण दबा धरणे, झडप घालणे व पकडणे ही त्यांची उपजत हौस. म्हणूनच भिंतीवर नाचविलेला लेसरचा ठिपका हे अपुरे खेळणे होय. मांजर धावते, झेपावते, आणि पंजात काहीच येत नाही. खेळाच्या अखेरीस त्याला काहीतरी धरावयास मिळावे, मग घासभर खावयास द्यावे. एरवी रिकामा पुठ्ठ्याचा खोका त्यास पुरतो.

निवडीत प्रेमाइतकीच सावधगिरी हवी. दोऱ्याशी खेळणारे मांजर मौजेचे दिसते; परंतु त्याच्या जिभेवरील काटे मागे वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. गिळलेला दोरा आतडी गोळा करून कापू शकतो. असा दोरा बाहेर लोंबताना दिसल्यास तो ओढू नये, तडक पशुवैद्याकडे जावे. कुत्र्याचा चेंडू घशात जाऊन अडकणार नाही एवढा मोठा असावा. चावण्याची वस्तू नखाने दाबल्यास किंचित तरी दबावी. फार कठीण वस्तूने दात मोडतात. शिजविलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या होतात, म्हणून ते देऊ नये. मुलांच्या बाहुल्यांची बटणे व आतला कापूस गिळला जातो, आणि घड्याळात घालतात तसला बटणाएवढा सेल अन्ननलिका जाळतो. फाटलेले खेळणे टाकून द्यावे. सारी खेळणी एकदम पुढ्यात न टाकता काही दडवून ठेवावी व पाळीपाळीने काढावी, म्हणजे जुन्यातही नवेपणा राहतो.

परंतु प्रत्येक देणे खेळण्याने फिटते असे नाही. आपल्याकडील कित्येक जुन्या घरांत पोपटाचा पिंजरा टांगलेला असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातील पोपट पकडणे व पाळणे हा गुन्हा ठरविला आहे. आम्हांस तर वाटते, की कायदा नसता तरी उत्तर हेच आले असते. पिंजऱ्यात घुंगरू टांगा, आरसा लावा, पेरूची डहाळी ठेवा. आकाशाची परतफेड त्याने होत नाही. ज्याची भरपाई करणे आपल्या आवाक्याबाहेर आहे, ते मुळात घेऊच नये.

कोणी म्हणतील, माणसांच्या मुलांना खेळणी नाहीत आणि तुम्ही कुत्र्यामांजरांचे काय घेऊन बसलात? मुलांचे देणे मोठे आहेच. पण एका ऋणाकडे बोट दाखवून दुसरे बुडविता येत नाही. आणि हे दुसरे ऋण तर आपण आपखुशीने दाराआड आणलेले आहे. शिवाय ते फेडावयास पैसा थोडाच लागतो. जुना पंचा, रिकामा खोका, आणि रोजची अर्धी घटका आपली सोबत. यांतील शेवटची वस्तूच देताना आपला हात आखडतो, आणि तिच्याच बदली आपण दुकानातून काहीतरी विकत आणतो.

तरी सभासद कुटुंबांस आमची विनंती, की आज सायंकाळी घरातील मुक्या सोबत्याची खेळणी एकदा हातात घेऊन पाहावी, मोडके असेल ते काढून टाकावे, आणि मग काही वेळ त्याच्याजवळ जमिनीवर बसावे.