उसने दुखणे

सिल्वासात शिकवीत असताना सातवीतला एक वारली मुलगा पावसाळ्यात वरचेवर गैरहजर राहायचा. आला तरी पाय दाबीत बसायचा, कवायतीला टाळाटाळ करायचा. हा आळस, असे मी ठरवून टाकले आणि एका सकाळी त्याला तासभर ओट्यावर उभे केले. पुढे त्याच्या रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. आमच्या भागातल्या आदिवासी वस्त्यांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, की प्राणवायू कमी पडताच मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. पोरगे खोटे बोलत नव्हते.

त्याला हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू झाले. अपराधी मनाने मी त्याविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचलो.

गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. ते पेशी वाकू देत नाही. मोठेपणी तेच पुन्हा वाढवता येईल का, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न होता. १९८४ साली अमेरिकेत, रक्त काढून पांडुरोगी केलेल्या माकडांना हे औषध देऊन पाहिले गेले. त्यांच्यात ते हिमोग्लोबिन वाढले. मग माणसांची पाळी आली. १९९५ साली मोठ्या अभ्यासात दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले आणि १९९८ साली तिकडे औषधाला मान्यता मिळाली. म्हणजे ज्या मुलाला मी ओट्यावर उभे केले, त्याचे पाय आज थोडे कमी दुखतात ते काही अनामिक माकडांमुळे.

माकडांपुरते मन समजूत घालते. उंदरांची गोष्ट मात्र घशात अडकते. उंदराला सिकलसेल होतच नाही. त्याचे स्वतःचे हिमोग्लोबिन आडवे येते. म्हणून १९९७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधक गटांनी उंदराची ती जनुके बंद पाडून त्यांच्या जागी माणसाची सदोष जनुके बसवली. जन्मलेल्या पिल्लांच्या पेशी वाकल्या, पांथरी सुजली, मूत्रपिंडे खराब झाली. प्रयोग यशस्वी झाला. हा 'यशस्वी' शब्द मी दोनदा वाचला. आजारी जनावरावर उपचार करून पाहणे वेगळे आणि आजारी पडण्यासाठीच जीव जन्माला घालणे वेगळे.

शिवाय येथे एक विचित्र त्रैराशिक आहे. उंदीर आपल्याला जितका जुळता, तितका प्रयोगाला उपयोगी. आणि जितका जुळता, तितके त्याचे दुखणेही आपल्यासारखे. तो आपल्यासारखा आहे म्हणून वापरायचा, आणि आपल्यासारखा नाही म्हणून माफी, या दोन सबबी एका तोंडाने सांगता येत नाहीत. २०१० साली तर उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टीच तयार झाली: किलकिले डोळे, फुगलेले नाक-गाल, बदललेली कानांची ठेवण. ती पट्टी वाचताना मला लाज वाटली. तिकडे उंदराचा चेहरा वाचत होते. इकडे तोंडाने सांगणाऱ्या पोराला मी लबाड ठरवले होते.

तरीही उंदीर फसवतोच. सेनिकापॉक नावाच्या औषधाने उंदरांच्या पेशी सुकायच्या थांबल्या. रुग्णांच्या रक्तातही सुधारणा दिसली, पण दुखण्याचे झटके काही कमी झाले नाहीत. ती चाचणी २००७ साली थांबवली गेली.

मग हे सगळे बंदच करावे? असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, पहिली सुई कुणाला? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, सशांवर पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. हे थोरच. पण त्यानंतरची पाळी भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांची होती. कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगातल्या स्वेच्छेचा भाव काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. पिंजरा रिकामा केला तर त्यात कुणाला ढकलतील याची मला धास्ती वाटते. शहरातला डॉक्टर नसेल तो. दुधनी-मांदोणीकडचा, अंगठा उठवणारा कुणीतरी असेल.

आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, प्रयोग शक्य तेथे टाळावेत, शस्त्रक्रिया करायची तर शक्यतो भूल देऊन करावी, असे म्हटले आहे. २०२३ पासून औषधचाचणीच्या नियमांत जनावरांशिवायच्या पद्धतींनाही जागा मिळाली. हे चांगलेच झाले. मात्र पेशींच्या बशीत हाड ठणकत नाही. तोवर उंदीर लागणार, असे मी जड मनाने मान्य करतो. 'जड मनाने' हे शब्द गाळून मान्य करणाऱ्यांशी माझे पटत नाही.

वसुबारसेला आमच्या घरी गाय-वासराची पूजा झाली. त्याच दिवशी पाड्यावर वाघबारस. दुपारी त्या मुलाचे वडील भेटले, तेव्हा मी त्यांना उंदरांची हकीकत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, उंदरांना गोळी मिळते का? काहींना मिळते, मी म्हणालो, आणि काहींना मुद्दाम देत नाहीत, फरक कळावा म्हणून.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पावसात नाल्याला पाणी आले की दवाखान्यात येता येत नाही, मध्ये पोराच्या गोळ्या तुटतात. गुरुजी, दोन महिन्यांच्या एकदम मिळतील का, तेवढे विचाराल?