तीन-तीन तासांचा शेजार

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन. इथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. मूर्ती एकच, पण जैनांपैकी श्वेतांबरांच्या मते तिच्यावर कंदोरा (करगोटा) आणि कच्छोटा (लंगोट) आहे, दिगंबरांच्या मते मूर्ती मुळातच निर्वस्त्र. मूर्तीला लेप कुणी द्यायचा आणि त्यात ती कमरेची रेघ ठेवायची की नाही, यावरून शंभराहून जास्त वर्षं वाद चालू आहे. बाहेरच्याला हसू येईल. पण ज्याच्या देवाचं रूपच पणाला लागलंय, त्याला ती नुसती रेघ कशी वाटेल?

१९०५ मध्ये दोन्हीकडच्या जाणत्यांनी वेळापत्रक ठरवलं. तीन तास यांची पूजा, मग तीन तास त्यांची. ते फार टिकलं नाही. १९१० मध्ये अकोल्याच्या कोर्टात दावा दाखल झाला आणि भांडण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं; तिथला निकाल १९२९ मध्ये लागला. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे आलं, दिगंबरांचा ठरल्या वेळी पूजा करण्याचा हक्क राहिला. तरी धुसफूस संपली नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं आणि भाविक झरोक्यातून दर्शन घेऊ लागले. बेचाळीस वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडलं. काही दिवसांतच हाणामारी झाली आणि पोलीस बोलवावे लागले.

कुलूप लागल्यावर जन्मलेली मुलं आता चाळिशी ओलांडताहेत. या वादातलं त्यांनी स्वतः काय पाहिलं? बंद दार. बाकी सगळं ऐकीव, तेही आपल्याच घरातलं. मला वेळापत्रकाची अडचण इथेच वाटते. त्याने डोकी फुटणं टळतं, हे कमी नाही. पण यांनी बाहेर पडल्यावरच त्यांनी आत यायचं, असा नियम असेल तर दोघांची गाठ पडणार फक्त उंबऱ्यावर, तीही घड्याळाकडे बघत.

मग तरुणांना एकत्र बसवा, गप्पा मारू द्या, असं कुणी सुचवेल. नुसत्या एकत्र बसण्याचा भरवसा मला नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका छावणीत मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात चुरस लावली. वैर पेटल्यावर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलं एकमेकांवर अन्न फेकू लागली. पुढे छावणीचं पाणी बंद झालं, ट्रक अडला. तो ओढायला दोन्ही गटांचे हात लागले, तेव्हा कुठे सूर बदलला. या प्रयोगावर टीका बरीच झाली, आणि त्यातली मला पटणारी गोष्ट अशी, की मुळात ते वैर मोठ्यांनीच पेरलं होतं. शिरपुरात तरी दुसरं काय झालंय?

आपल्या विदर्भात बाबा आमट्यांनी एकत्र कामाला लावण्याचं हे काम बिनप्रयोगशाळेचं केलं होतं. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत कोण कुठला, कुठल्या जातीचा, हे विचारण्याआधी हातात कुदळ यायची. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकली निघाल्या त्या ‘भारत जोडो’च्या. वाटेत कुणाची सायकल पंक्चर झाली, तर पंक्चर काढायला मदत करणाऱ्याचा धर्म कोण बघतो?

शिरपूरला असंच एखादं काम हवं. दाव्याचे जुने कागद दोन्ही पंथांच्या पोरांनी मिळून वाचावेत, त्यांची सूची करावी. श्वेतांबराच्या मुलाने दिगंबरांची बाजू मांडावी, दिगंबराच्या मुलीने श्वेतांबरांची. आणि ऐकणाऱ्याने “हो, आमचं म्हणणं हेच आहे” असं म्हणेपर्यंत पुन्हा मांडावी. मूर्ती कुणाची, हे त्यांनी ठरवायचंच नाही. ते काम कोर्टाचं. मुहूर्तही आहे: श्वेतांबरांचं पर्युषण संवत्सरीच्या क्षमायाचनेने संपतं, आणि त्याच सुमाराला भाद्रपद शुद्ध पंचमीला दिगंबरांचं दशलक्षण सुरू होतं, त्याचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा.

थोरली मंडळी म्हणतील, आधी निकाल तर लागू द्या. १९१० मध्ये अकोल्याच्या कोर्टाबाहेर उभ्या असलेल्या पोरांनाही बहुधा हेच सांगितलं गेलं असेल.