पान आणि तुरा

भांगेचे झाड एकच असते. त्याचे पान वाटले की भांग होते, मादी झाडाचा फुललेला तुरा वाळवला की गांजा होतो आणि त्याच झाडाचा चीक तळहातावर चोळून काढला की चरस होतो. वनस्पतिशास्त्राचे काम एवढ्यावर भागते. नीतिशास्त्राला येथून पुढे सुरुवात करावी लागते. आणि फौजदारी कायद्याला तर पान कोठे संपले व तुरा कोठे लागला हे पाहिल्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही. हा फरक मी पुस्तकात पुष्कळदा वाचला होता. तो कळला मात्र गेल्या होळीत, आमच्या गोडदेवात.

गोडदेव हे भाईंदर पूर्वेचे जुने गाव. भाताची खाचरे आणि खाडीच्या अंगाची मिठागरे यांच्या संगतीने वाढलेल्या या मुलखात आता इमारती इतक्या दाटीने उभ्या आहेत की, समोरच्या घरी कोणती भाजी शिजते आहे हे वासावरून सांगता यावे. आमच्या इमारतीत चार प्रांतांची माणसे नांदतात. त्यामुळे सणांना तोटा नाही. होळीला खाली अंगणात थंडाईची दोन पातेली ठेवलेली असतात. एक मुलाबाळांचे, आणि दुसरे, ज्याच्याविषयी कोणी काही बोलत नाही पण ज्याच्याभोवती प्रौढ मंडळी हसतमुखाने उभी असतात, ते दुसरे. मीही अर्धा पेला घेतला. वयाच्या सत्तरीत माणसाने अर्ध्या पेल्याचा हिशेब कोणाला द्यायचा?

तो हिशेब मला आठवड्याच्या आत द्यावा लागला. आमच्याच जिन्यातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा इमारतीमागे मित्राबरोबर गांजाची सिगारेट ओढताना पकडला गेला. खिशात आणखी चिमूटभर पुडी निघाली. पोलिसांनी कायद्याप्रमाणे जे करायचे ते केले. रात्री त्याची आई आमच्या दारात उभी राहिली. रडत नव्हती. तिने मला एकच गोष्ट विचारली : "काका, तुमच्या पेल्यात होतं ते काय होतं, आणि माझ्या पोराच्या खिशात होतं ते काय होतं?"

मी तिला कायदा सांगितला. दुसरे काय सांगणार! १९८५ साली, म्हणजे ज्या वर्षी आमच्या आसपासच्या ग्रामपंचायती जाऊन मीरा-भाईंदर नगरपालिका आली त्याच वर्षी, देशात अंमली पदार्थांचा नवा कायदा आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे, अशी व्याख्या आहे. शेंड्यांपासून सुटी असलेली पाने आणि बी त्यातून वगळली आहेत. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातच ही फट ठेवलेली होती. म्हणून पुडी थोडी असली तरी तुऱ्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि पान मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिले. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालतात. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यात भांगही नशेच्या पदार्थांत मोडते, तेव्हा परवान्यावाचून माझा अर्धा पेलाही गुन्हाच होता. फरक इतकाच की, त्या पातेल्यापाशी कोणी पंचनामा करायला येत नाही. हे सांगताना माझ्याच कानांना माझा आवाज वकिली वाटू लागला आणि मी गप्प झालो.

पुढे उन्हाळ्यात टोरांटोहून माझा भाचा आला. त्याला ही हकीगत सांगितली, तेव्हा त्याने हातच झटकला. "मामा, आमच्याकडे २०१८च्या ऑक्टोबरपासून हे दुकानात मिळतं. वय पाहतात, कर लावतात, पावती देतात. लोक पिणारच असतील तर चोराच्या खिशात पैसा जाण्यापेक्षा सरकारच्या तिजोरीत गेलेला काय वाईट? त्या पैशात शाळा बांधा." युक्तिवाद सरळ आहे, आणि वरवर पाहता त्यात खोट दिसत नाही. ज्याची कोणाला गरज नाही अशा वस्तूवर कर बसवण्याइतका न्याय्य कर दुसरा कोणता? मिठावरचा कर अन्यायाचा होता, कारण मीठ प्रत्येकाच्या ताटात लागते. हे मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तो कर १९४७ साली गेला. नशेवरचा कर त्याच्या अगदी उलट. ज्याला नको असेल त्याने तो भरू नये.

पण "मोकळे करा आणि कर बसवा" ही कल्पना आम्हा ठाणे जिल्ह्यातल्या लोकांना नवी नाही. ती येथे राबवून झाली आहे. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. ताड छेदायचा तर झाडामागे कर भरून परवाना घ्यायचा, आणि दारू गाळायची ती सरकारच्या नजरेखालच्या भट्टीतच, असा त्याचा रोख. उरणच्या मोठ्या भट्ट्यांतली मोहाची दारू जिल्हाभर मक्त्याने विकली जाऊ लागली. ज्याच्या दारात ताड होता त्या भंडाऱ्याला आणि ज्याच्या रानात मोह होता त्या आदिवासीला आपल्याच झाडाचा रस चोरून घ्यावा लागू लागला. तरीही गावठी दारू थांबेना, तेव्हा १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला आणि मोहाची फुले जमवण्या-बाळगण्यावरच बंधन आले. ती फुले गोरगरीब पावसाळ्याच्या तोंडाशी शिजवून खात असत. म्हणजे नशेवरचा कर वसूल करायला निघालेले सरकार शेवटी अन्नाच्या टोपलीपर्यंत पोचले. जे मोकळे झाले ते पिणाऱ्यासाठी की मक्तेदारासाठी, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर त्याला उत्तर सोपे होते.

या धोरणाचे ब्रीद असे की, खप कमीत कमी आणि उत्पन्न जास्तीत जास्त. वाक्य कानाला गोड लागते. पण घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा. ज्या वस्तूवर घर चालते तिचा खप कमी व्हावा असे कोणत्या दुकानदाराला मनापासून वाटते?

भांग-गांजाची तर स्वतंत्र चौकशीच झाली होती, आणि ती आजही वाचण्यासारखी आहे. विलायतेत पार्लमेंटात प्रश्न निघाला की, हिंदुस्थानात गांजामुळे माणसे वेडी होतात आणि सरकार त्यावर कर घेते, हे काय? तेव्हा १८९३ साली सात जणांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्यांत तिघे हिंदी होते. या मंडळाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाचे कारण लिहिण्याचा एक रकाना असे आणि त्यात पुष्कळांच्या नावापुढे गांजा लिहिलेला होता. मंडळाने एकेका रोग्याची मागची हकीगत तपासली. तेव्हा असे दिसले की, रोगी आणणाऱ्या शिपायाला रकाना भरणे भाग होते, कारण ठाऊक नव्हते, आणि माणूस गांजा ओढत असे एवढे कोणीतरी सांगितलेले होते. रकाना भरला गेला. आकडे वर गेले, पार्लमेंटात पोचले. त्यांतल्या बऱ्याच नोंदी तपासात टिकल्या नाहीत. काही मात्र टिकल्या. हेही मंडळाने लपवले नाही.

या मंडळापुढे मुंबईचे जमीनमहसूल, जकात आणि अफू खात्याचे कलेक्टर जेम्स कॅम्पबेल यांनी एक टिपण ठेवले होते. मुंबई इलाख्याची गॅझेटियरे सिद्ध करणारे ते हेच. ठाणे जिल्ह्याच्या त्यांच्या खंडांशिवाय आमच्या गावांचा इतिहास लिहायला बसताच येत नाही. या गृहस्थांनी करवसुलीच्या खात्यात बसून भांगेच्या धर्माविषयी लिहिले : शंकराला ती का प्रिय, भाविक तिच्याकडे कशा नजरेने पाहतो, आणि ती हिरावून घेतल्यास लोकांना काय वाटेल. अहवालाचा निष्कर्षही त्याच वळणाचा होता. बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, अतिरेक करणाऱ्याला आहे. बंदी घालू नये, नियंत्रण ठेवावे आणि कर बसवावा.

अहवालाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. अडते ते उत्तरार्धापाशी.

बंदीचे काय होते तेही आपण पाहिले. १९४९च्या कायद्यानंतर मुंबईत चोरट्या भट्ट्यांचे आणि गुत्त्यांचे जे राज्य माजले ते आठवणारी माणसे अजून आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. पण या बंदीच्या मागणीमागे ज्या बायका उभ्या असतात त्यांच्याकडे पाहून हसण्याचा अधिकार शहरातल्या सुखवस्तू माणसाला नाही. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले आणि १९०८ साली टिळकांनी पुण्यातच गुत्त्यांपुढे निरोधन केले, तेव्हा इतर बाबतींत दोन टोकांना असलेली ही दोन माणसे एका गोष्टीवर एक होती : लोकांच्या संसारातून निघालेला हा पैसा सरकारने पवित्र मानू नये.

आज गंमत अशी की, महाराष्ट्र सरकार दारूवरचा कर ज्या कायद्याने वसूल करते त्याचे नाव अजूनही दारूबंदी कायदाच आहे. उत्पादन शुल्क ही राज्याच्या उत्पन्नाची एक मोठी बाब आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत दारूची दुकाने मे महिन्यातच उघडू लागली आणि देवळे त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला. मी काही मोठा देवभक्त नव्हे; पण सरकारला कशावाचून करमत नाही हे त्या सहा महिन्यांत जितके स्वच्छ दिसले तितके एरवी दिसत नाही. व्यसन फक्त माणसालाच जडते असे थोडेच आहे? तिजोरीलाही जडते. शिवाय नशेच्या धंद्यातला मोठा गल्ला माझ्यासारखा वर्षाकाठी अर्धा पेला घेणारा भरत नाही. तो रोज घेणारा भरतो. तेव्हा नशेच्या करावर शाळा बांधायची म्हणजे, ज्यांचे बाप रोज पितात त्या मुलांच्या जिवावर इतरांची मुले शिकवायची, असा त्याचा अर्थ होतो. भाच्याला हे ऐकवले तेव्हा तो म्हणाला, "मग पोरांना तुरुंगात घालायचं का?"

नाही. तेही नाही. मला जे सुचते ते कोणत्याच पक्षाला आवडण्याजोगे नाही. चिमूटभर पुडीसाठी कोणा मुलाच्या नावावर गुन्हा लागू नये. व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडण्याची तरतूद आजच्या कायद्यातही आहे, ती शिक्षेच्या आधी आठवावी, नंतर नव्हे. पान मोकळे करावे, तुऱ्याबाबत धीर धरावा. पूर्वीचा गांजा आणि आज निवडून-पोसून काढलेला जहाल गांजा यांत अंतर पडले आहे आणि कोवळ्या वयात तो नियमाने ओढणाऱ्यांत मनोविकारांचा धोका वाढतो, हे शास्त्र सांगते. कर घ्यावा, पण उपचार आणि देखरेख यांचा खर्च भागेल इतकाच. उरलेली एक कवडीही सामान्य तिजोरीत पडू नये. खप घटला तर ज्याचे काही बिघडत नाही असाच धनी या दुकानाला हवा.

अमेरिकेच्या ओरेगन राज्याने २०२० साली मतदानाने चित्तभ्रम घडवणाऱ्या एका अळंबीला वाट मोकळी केली, तीही निराळ्या तऱ्हेने. ती दुकानातून घरी नेता येत नाही. परवाना असलेल्या जागी, शिकलेल्या माणसाच्या सोबतीत बसूनच घ्यायची. निराशेच्या विकारावर तिचा उपयोग होतो का, याचे प्रयोग चालू आहेत. पण तेथेही विक्रीवर कर आहेच, आणि एका बैठकीचा खर्च इतका की गरिबाने त्या दाराकडे फिरकू नये. उरणच्या भट्टीची मला येथे आठवण झाली. अळंबी रानातली, परवाना मात्र ऐपतवाल्याचा.

हे सारे त्या आईला सांगितले असते तर तिने ऐकून घेतले असते, एवढेच. मुलगा जामिनावर घरी आला. नोकरीच्या चौकशीत हे प्रकरण आडवे येईल का, या काळजीत ती आहे. आणि पोर पुन्हा त्याच वाटेला जाईल का, ही काळजी तिला त्याहून मोठी आहे. मोकळीक दिली तर दुसरी काळजी वाढेल, बंदी ठेवली तर पहिली. तिच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच उशीखाली निजतात.

परवा गणपतीत तोच मुलगा मोदकांचे ताट घेऊन वर आला. बराच वेळ दारात घुटमळला. मग त्याने विचारले, "काका, येत्या होळीला तुम्ही खाली येणार?"

"येईन की."

"आणि दुसऱ्या पातेल्यापाशी?"

मी ताट हातात घेतले आणि खरे तेच सांगितले, की अजून ठरवले नाही.