इतके दिवस काय करत होतास?

नाशिकजवळच्या एकलहऱ्यात राहणाऱ्याला खोकल्याचं फारसं काही वाटत नाही. वारा फिरेल तशी थर्मल वीजकेंद्राची राख दारात येते, दोरीवरचे कपडे झटकून घरात घ्यायचे, एवढंच. त्यामुळे राखेच्या विटांचे ट्रक भरणाऱ्या एका भिल्ल आजोबांचा खोकला दोन महिने चालला आहे, हे माझ्याही लक्षात उशिराच आलं. मग त्यांना घेऊन शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात गेलो.

बाकावर जागा होती, तरी आजोबा भिंतीला टेकून खाली बसले. वर बसा म्हटलं तर म्हणाले, "बरं हाये इथंच." आत डॉक्टर पंचविशीचे. मला त्यांनी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" आणि आजोबांना, "काय रे, कधीपासून खोकतोस?" दोन महिने. "इतके दिवस काय करत होतास?" याला काय उत्तर देणार? ट्रक भरत होते. पुढचा प्रश्न, "पितोस ना?" आजोबांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. स्टेथोस्कोप लावताना ती मधे आली, डॉक्टरांनी ती बोटाने बाजूला सारली. बाहेर आल्यावर मी केसपेपर पाहिला. दारू पितो, अशी इंग्रजीत नोंद होती.

बाकी सगळं नीट होतं. क्षयासाठी थुंकीची तपासणी लिहिली, छातीचा एक्स-रे लिहिला, पैसे लागले नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही, फक्त बोलणं तेवढं उद्धट होतं, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. आता म्हणत नाही.

त्या अरेतुरेबद्दल थोडं बोललं पाहिजे. मराठीत आपण आईला अगं म्हणतो, विठ्ठलाला तू म्हणतो. एकेरीचं आपल्याला वावडं नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी आयाबाया तर डॉक्टरलाही सरळ "तू बघ ना" म्हणतात, कारण त्यांच्या बोलण्यात साहेबासाठी वेगळं बहुवचन राखून ठेवलेलं नसतं. ते ऐकून पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. तोच माणूस सत्तरीच्या म्हाताऱ्याला "काय रे" म्हणतो, तेव्हा मात्र कुणालाच काही खटकत नाही. गर्दीत सगळ्यांनाच ओरडा बसतो, डॉक्टर तरी किती जणांना पुरणार, हे खरं आहे. पण मला ओरडले तर मी वरच्या साहेबांकडे जाईन. आजोबा दुसऱ्या दिवसापासून येणं बंद करतील.

वर्णद्वेष हा शब्द आपण दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेसाठी ठेवला आहे. आपल्याकडे त्याला "ती माणसं तशीच" म्हणतात. कॅनडात विनिपेगच्या रुग्णालयात सप्टेंबर 2008 मध्ये ब्रायन सिंक्लेअर नावाचा तिथला मूळनिवासी माणूस मूत्राशयाच्या संसर्गाची तक्रार घेऊन आला. दोन्ही पाय गमावलेला, चाकाच्या खुर्चीत बसलेला. तातडीच्या विभागात तो 34 तास बसून राहिला आणि तिथेच मेला. कुणाला वाटलं झिंगलाय, कुणाला वाटलं बेघर आहे, निवाऱ्याला आलाय. आजार असा की वेळेवर उपचार मिळते तर मृत्यू टळला असता. "पितोस ना?" हा प्रश्न विनिपेगमध्ये तोंडाने विचारलाही गेला नव्हता, एवढाच फरक.

आपल्याकडचे आकडे मिळायलाही वेळ लागला. केंद्र सरकारने 2013 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली आदिवासी आरोग्यावर समिती नेमली, तिचा अहवाल 2018 मध्ये आला. आदिवासींचं सरासरी आयुर्मान 63.9 वर्षं, बाकीच्यांचं 67. ही तीन वर्षं कुठे जातात? कुपोषण, हिवताप, दूरचे रस्ते, रिकामी पदं, सगळं आहे त्यात. पण दवाखान्याच्या पायरीपर्यंत आलेला माणूस तिथून परत का फिरतो, याचं उत्तर रस्त्याच्या कामात सापडत नाही. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो: भगताकडे जातात, अडाणी आहेत. भगत त्यांच्याच बोलीत बोलतो आणि आधी जेवलास का म्हणून विचारतो, हे लक्षात घेत नाही.

बंग दांपत्याने गडचिरोलीत लोकांनाच विचारलं होतं, दवाखान्यात का येत नाही? उत्तर आलं की मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि पांढरे कपडे तर आम्ही मढ्याला घालतो. मग त्यांच्या शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहू दिलं, नाव दिलं तिथल्या लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. म्हणजे अडाणीपणाचं औषध नुसत्या विचारण्यात होतं. आमच्या नाशिक जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार चारात एक माणूस आदिवासी आहे. इथे कुणी विचारलं तर काय उत्तर येईल, ते मला ऐकायचं आहे.

महाराष्ट्रातले डॉक्टर घडवणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकलाच आहे, म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर. आदिवासी मुलं स्वतः डॉक्टर झाली की प्रश्न सुटेल, असं मलाही वाटायचं. 22 मे 2019 ला मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे, त्याचा निवाडा न्यायालय करील. पण पांढरा कोट अंगावर चढला की माणूस या सगळ्यातून सुटतो, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

आजोबा थुंकीच्या तपासणीला गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "गाडी भरायची व्हती." आठ दिवसांनी थुंकीची डबी मीच पोचवली, आणि केसपेपरवरची दारूची नोंद खोडून द्या म्हणालो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "त्याने काय फरक पडतो?" पडतो. क्षयाच्या औषधांचा ताण यकृतावर येतो, माणूस पितो की नाही, हे औषध देणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. डबी घेतली. नोंद तशीच आहे.